साबणावर उमटलेली बोटं

मंडळी, आज सकाळी घरात जे दिसलं ते लिहिते.

काल पहिल्यांदाच घरी साबण केला. शहाद्याहून कॉस्टिक सोडा आणला, त्याचं पाणी खोबरेल तेलात घोटून ट्रेमध्ये ओतलं. ओल्या साबणाने कातडी भाजते, म्हणून लेकीच्या काळजीने मागच्या खोलीला कुलूप घातलं. त्या खोलीला खिडकी नाही.

आज सकाळी दार उघडलं, तर साबणात चार बोटांचा खोल ठसा.

धावत जाऊन लेकीचे हात पाहिले. नवऱ्याचे, सासूबाईंचेही पाहिले. कुणालाच भाजलेलं नव्हतं. ठशातली बोटं तर आम्हा सगळ्यांपेक्षा लांब होती.

सासूबाई हळूच म्हणाल्या, “किल्ली तर तुन्हाजोडेच व्हती ना?”

होती. माझ्याच कमरेला खोचलेली.

साबण अजून तिथेच आहे. तुम्ही असता तर तो अंगाला लावला असता?