बंद केलेली टाकीसफाई

फारूकमियां मुकादमांना आयुष्यात सगळं जमलं, फक्त ‘नाही’ म्हणायला जमलं नाही. कुवेतच्या एका हॉटेलात त्यांनी सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं. परत येताना बाकी सामान सुखरूप आलं, तो एक शब्द तेवढा विमानतळावर काढून घेतला असावा. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या रो-हाऊसवर येणाऱ्या विक्रेत्यांना याचा वास आपोआप लागायचा. घरात दोन वॉटर फिल्टर होते, तीन वर्तमानपत्रं येत होती, आणि दर महिन्याला एक कंपनी गच्चीवरची टाकी धुवून जात होती. दर महिन्याला! एवढी अंघोळ तर शेजारच्या चारुदत्तांची गाडीही करत नव्हती.

शेवटी त्यांच्या बायकोनं, बिल्कीसनं, त्यांना समोर बसवून कंपनीला फोन लावायला लावला. ‘आपल्याला तकलीफ नसेल तर’, ‘तुमची माणसं फार भली आहेत, पण’, असं मियांचं पाच मिनिटं चाललं. सेवा बंद करताहेत की लग्नाचं आवतण देताहेत हे पलीकडच्या पोरीला कळेना. बिल्कीसनं फोन हिसकावून दोन वाक्यांत काम उरकलं. सेवा बंद झाल्याचा मेसेजही आला. मियांनी तो जपून ठेवला, जणू पराक्रम त्यांचाच होता.

पुढच्याच महिन्यात त्यांची मुलगी शाजिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. आफरीन. आता मियांची गोष्ट अशी, की स्वतःच्या तिन्ही मुलांच्या जन्माच्या वेळी ते कुवेतला होते. शाजियाला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चौदा महिन्यांची होती, आणि या दाढीवाल्या परक्या माणसाला बघून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. त्यामुळे रिवाजाप्रमाणे बाळ-बाळंतीण चाळीस दिवस आपल्याकडे राहणार याचा मियांना जो आनंद झाला होता तो खरा होता. त्याची थट्टा मीही करणार नाही. दिवसभर पाळण्याशी बसायचे. बाळानं जांभई दिली तरी सगळ्यांना बोलावून दाखवायचे.

शाजियाची सासू मात्र कुरकुरत होती. ओवे गावात त्यांची घरची विहीर, आणि कॉलनीत पाण्याचे हाल. बाळंतिणीला पाणी कमी पडलं तर आम्ही त्याच दिवशी घेऊन जाऊ, असं तिनं बजावलं होतं. बिल्कीसनं शब्द दिला होता, कमी पडणार नाही.

बाळाच्या अकराव्या दिवशी कॉलनीचं पाणी बंद राहणार होतं. तो दिवस आणि दुसराही. बिल्कीसनं आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून घेतली, मियांना तीनदा सांगितलं, आणि सकाळी हळीव-डिंक आणायला बाजारात गेली. तेवढ्यात बेल वाजली. दारात कंपनीचा काशिराम उभा होता. उरणकडचा, पन्नाशीचा, खांद्यावर पाइपाचं वेटोळं.

मियांनी मेसेज दाखवला. काशिराम म्हणाला, मला ते काय ठाव नाय, यादीत नाव हाय. काम न करता गेलो तर आजचा खाडा. इथं दार लावायचं होतं. पण उन्हातून आलेला माणूस दारातून तसाच कसा पाठवायचा? मियांनी त्याला आत बसवलं, सरबत दिलं, खजूर दिला. आणि एकदा घरात खाल्लेल्या माणसाला हात हलवत परत पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती उगाच नाही. अर्धं पाणी राहू द्या, एवढं मात्र ते बोलले.

“चाचा, अर्धी टाकी कशी धुवाची?” काशिरामनं विचारलं. मियांनी गच्चीचं दार उघडून दिलं. हजार लिटर पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत गटारात गेलं. वर त्यांनी कागदावर ‘काम पसंत’ लिहून सही केली, काशिरामचा खाडा पडू नये म्हणून.

बिल्कीस आली तेव्हा शाजिया कोरड्या नळाखाली लंगोट धरून उभी होती. बिल्कीसनं कंपनीला फोन लावला. तिथून उत्तर मिळालं, की साहेबांची सही आहे, काम पसंतही आहे, त्यामुळे सेवा पुन्हा सुरू केली आहे. टाकी भरून देणं त्यांच्या कामात बसत नाही. टँकरवाल्यानं परवाचा वायदा केला. मियां सगळ्यांना तो मेसेज दाखवत फिरत होते. वरातीमागून घोडं!

बातमी ओव्याला पोचलीच, आणि संध्याकाळी तिथून जावई अदीब गाडी घेऊन आला. पोरगा अदबशीर, डोकं खाली घालून म्हणाला, “अब्बा, तुमची इजाजत असेल तर नेतो. नसेल तर अम्मीला मी समजावतो.”

एवढी सोय कुणी कुणाला करून देत नाही. बिल्कीस नवऱ्याकडे बघत राहिली. शाजियाही बघत राहिली. नको, हा दोन अक्षरांचा शब्द मियांच्या घशापर्यंत आला असेलही.

“न्या ना, तुमचंच घर आहे,” मियां म्हणाले. “पण चहा घेऊन जा.”

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा बिल्कीस शांतपणे म्हणाली, “आमच्या बाळंतपणांना तुमी नव्हते, ते नोकरीपायी. आज कशापायी?”

मियां चहाचे कप उचलायला आत गेले. तिसऱ्या दिवशी पाणी आलं आणि टाकी काठोकाठ भरली. वापरायला घरात दोनच माणसं होती.