जावयाचा कोको आणि मामांची गोळी

माझ्या नणंदेचा नवरा हा आमच्या घरचा एकुलता एक जावई. जावयाला उलटून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. त्याने भर दुपारी रात्र झाली म्हटलं असतं, तर कुणीतरी उठून दिवा लावला असता. बीड बायपासच्या पलीकडे तो प्लॉट विकायचा. ज्या माळावर माझ्या सासऱ्यांनी उभी हयात मेंढरं चारली, तसलेच माळ तो चुन्याच्या रेघा मारून लोकांच्या गळ्यात बांधायचा. त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं, असा त्याचा समज झाला होता आणि तो समज काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

त्या वर्षी पावसाने लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. पुंडलिकनगरात नळ आठवड्याने यायचा, तोही करंगळीएवढा. शेजारच्या बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उठत होती आणि प्रत्येक अपार्टमेंट आमच्याहून खोल बोअर घेत होतं. आमच्या बोअरने आधी नुसती हवा सोडली, मग तेही बंद केलं. अशात सासूबाई गेल्या आणि मामा आमच्याकडे राहायला आले. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून नवऱ्याने कमोड बसवला, वर फ्लशची टाकी. मामांनी पहिल्यांदा ती दाबली, खळखळून जाणारं पाणी पाहिलं आणि भिंतीला धरून तसेच उभे राहिले.

"दोन मेंढरांचं पानी गेलं," ते म्हणाले. आम्ही हसलो.

मग मामांचा रक्तदाब निघाला. चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. हिच्याने लघवीला जरा जास्त जावं लागेल, पण गोळी चुकवायची नाही, नाहीतर एखाद्या दिवशी मेंदूतली नस दगा देईल, असं त्यांनी मामांना समोर बसवून सांगितलं. ही बातमी जावयाकडे पोचली आणि पुढच्याच रविवारी घरात कोको आला.

"वहिनी, गोळ्यांच्या मागं लागू नका," सोफ्यावर मांडी ठोकत त्याने सुरुवात केली. "कोकोच्या बीमध्ये फ्लेव्हनॉल असतात. वनस्पतीतली द्रव्यं. ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सैल करतात. नस रुंद झाली की रक्त आरामात फिरतं, दाब आपोआप खाली. एकदम हायवेसारखं."

हायवेचा दाखला त्याच्या धंद्यातलाच होता. बाकीचं मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं. नवरा इंजिनियर, पण मेहुण्यासमोर त्याची मान आपोआप हलायची.

कोको शहागंजच्या बाजारातून आणलेला. दुकानदाराने म्हणे बजावलं होतं, "कडवा है भाई, ऐसाच नै पी सकते." पण जावयाने आणलेलं परत करायचं कसं? मी गरम पाण्यात ढवळून दिला. मामांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शेळ्यांना पाजायचं औषध त्यांच्या हाती दिलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यात साखर पडली. मग दूध. मग नणंदेने वेलदोडा सुचवला, आणि घशाला कोरड पडू नये म्हणून चमचाभर तूपही. सरतेशेवटी जे तयार झालं, ते आम्ही सगळेच प्यायला लागलो. त्यात कोको किती आणि बासुंदी किती हे सांगणं अवघड होतं. नसा कुणाच्या रुंद झाल्या माहीत नाही, नवऱ्याची कंबर मात्र झाली.

दर रविवारी जावई दाब मोजायचं मशीन घेऊन यायचा. मामांच्या दंडाला पट्टा, मशीनची घरघर, मग आकडा. आकडा चढलेला असायचा. जावई भुवया जवळ आणून म्हणायचा, "प्रमाण वाढवा." मी वाढवायचे. सकाळी मामांच्या एका हातावर गोळी ठेवायची आणि दुसऱ्या हातात कोकोचा पेला द्यायचा, असा माझा नेमच झाला होता.

मोजणी झाली की जावयाची गाडी धुतली जायची. त्याच्या टॉवरमध्ये स्विमिंग पूल होणार होता. तूर्तास तिथे गाडी धुवायला बंदी होती. आमच्याकडे टँकरचं पाणी ड्रममध्ये भरलेलं असायचं. भांडी विसळलेल्या पाण्यात मी फरशी पुसत होते आणि हा पठ्ठ्या त्याच ड्रममधून बादल्या काढून टायरवर मारत होता. एकदा मी दारात जाऊन काहीतरी बोलणार होते. मामांनीच हात वर केला.

"पाव्हण्याला पान्याला नाय म्हनू नाय," ते म्हणाले, आणि पडवीतल्या खुर्चीत बसून मातीत जिरणारं पाणी बघत राहिले.

एका सकाळी टँकर आला. मी पाइप ड्रममध्ये सोडला, मामा ड्रमपाशी लक्ष ठेवून होते. ड्रम भरला, पाणी वरून वाहू लागलं, तरी त्यांनी आवाज दिला नाही. मी वळून पाहिलं तर त्यांचा उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूला गेलं होतं. ते काही सांगू पाहत होते, शब्द जुळत नव्हते. एवढी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत तोंड बरंचसं सरळ झालं. थोडक्यात निभावलं, तिथले डॉक्टर म्हणाले. पुढच्या वेळी असं होईलच असं नाही. आमच्या डॉक्टरीणबाई बघायला आल्या, तोवर जावईही पोचला होता. त्याने कोकोचं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोकोत ती द्रव्यं असतात, नसा थोड्या सैलही होतात," त्या म्हणाल्या. "पण थोड्याच. ती द्रव्यं कडू असतात. कडूपणा घालवायला कारखान्यात जी प्रक्रिया करतात, तिच्यात त्यातली बरीचशी जातात. उरलेल्यांवर तुम्ही साखर, दूध आणि तूप ओतलंत. आणि गोळीचं काम कोको करत नाही. गोळी रोज चालू होती ना?"

"रोज माझ्या हाताने देते," मी म्हणाले.

नर्सने मामांची बंडी उतरवली होती. बंडीच्या खिशातून त्यांची पानाची चंची निघाली. मी ती उघडली. सुपारीच्या कप्प्यात सुपारी नव्हती. माझ्या हाताने दिलेल्या गोळ्या होत्या, ओळीने साचलेल्या, तंबाखूच्या वासाच्या.

नवरा ओरडलाच त्यांच्यावर. मामा छताकडे बघत होते. मग जड जिभेने, पण समजेल असं बोलले.

"ती गोळी लई येळा मुतायला लावती. दर येळंला दोन मेंढरांचं पानी. टाकून न्हाय दिल्या. पाऊस पडला की घेनार हुतो."

जावयाने मोबाइल काढला आणि उगाचच बघत बसला. मला संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

बाईंनी दुसरी गोळी लिहिली. मामांनी ती बोटांत धरून विचारलं, "ही पानी मागती का?" नाही म्हटल्यावर गिळली. जोडीला जुनीही थोडी घ्यावीच लागेल, असं बाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेरच्या कोरड्या आभाळाकडे पाहिलं.

रविवारी जावई आला. हातात नवा डबा होता, बिनप्रक्रियेचा, अस्सल कडू. मी तो घेतला, फळीवर ठेवला. दाब मोजून झाल्यावर तो सवयीने बादली घेऊन ड्रमकडे गेला. मी त्याच्या हातातून भरलेली बादली काढून घेतली. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. नणंद दारात थबकली, नवऱ्याने घसा खाकरला. मी बादली सगळ्यांच्या समोरून नेली आणि मामांच्या कमोडशेजारी ठेवली.

जावई धुळीने माखलेली गाडी घेऊन गेला. मामा बराच वेळ अस्वस्थ होते.

"पाव्हण्याची गाडी तशीच गेली का गं?"

"व्हय, मामा," मी म्हणाले. "ते पाणी तुमचं आहे. आता गोळी घ्या, माझ्यासमोर."