सोवळ्याचा धागा

आमच्या कुसुमआत्यानं धाग्याबद्दल कधी खोटं सांगितलं नाही. माणसांबद्दल सांगितलं असेल. कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर तिनं एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये थेट देव्हाऱ्याशेजारी मांडला. लग्नसराईत अर्धी पेठ शालू घेऊन तिच्याकडे यायची. ती एक धागा काढायची, काडी लावायची, वास घ्यायची. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली, तर रेशीम. नाहीतर एकच शब्द, "फसलात."

२००४ साली वरच्या मजल्यावरची पूर्णिमा रडत आली. वर्ध्याकडची मुलगी, आयटीत नोकरी. आदल्या वर्षी पहिल्या पगारातून तिनं सासूला, सुंदराबाईंना, जांभळं रेशमी सोवळं घेतलं होतं. सुंदराबाई रोज तेच नेसून पूजा करायच्या. आता माहेरपणाला आलेल्या नणंदेनं, नीरजानं, ते रेशीम नाहीच अशी शंका काढली होती.

आत्यानं पूर्णिमानं आणलेला धागा काचेखाली धरला आणि मलाही दाखवला. एकेक तंतू पॉलिएस्टर आणि नायलॉन एकत्र ओढून केलेला. कापल्या जागी संत्र्याच्या फोडींसारखे भाग दिसत होते.

"काय सुंदर बनवलंय मेल्यांनी!" आत्या म्हणाली.

"काकू, आईंना कळलं तर त्या माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत."

आत्यानं निसटलेली पांढरी बट कानामागे सारली. मला त्या पोरीची फार दया आली, आणि दुकानदाराचा संताप.

दुसऱ्या दिवशी नीरजा आईला, वहिनीला आणि सोवळ्याला घेऊन खाली आली. "लावा काडी, काकू. एकदाचं होऊन जाऊ दे."

आत्यानं पदराचा धागा काढला, बोटांत पीळ दिला, काडी लावली. केस जळल्याचा वास खोलीभर पसरला. उरलेलं तिनं झटकन चिमटीत दाबलं.

"रेशीम," ती म्हणाली.

नीरजा तोंड पाडून वर गेली. पूर्णिमा दाराशी तशीच उभी राहिली. सुंदराबाईही हलल्या नाहीत. त्यांनी आत्याचा हात धरून चिमटी उघडली. वितळलेला काळा मणी बोटाला चिकटला होता, बोट भाजून लाल झालं होतं.

"जांभळ्या धाग्यात पांढरा केस लांबूनही दिसतो, कुसुमताई," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझा मागायचा होतात. अजून काळा आहे."

मग सोवळ्याची घडी करून त्यांनी ती सुनेच्या हातात दिली.

"खुंटीला लाव. उद्या पूजेला लागेल."