खडूने लिहिलेलं ‘खाली’

भोपाळच्या यार्डात रेल्वेच्या तेलटाक्यांचे व्हॉल्व्ह तपासायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. सांगण्यासारखं त्यात फारसं नाही. व्हॉल्व्हची सीट घासायची, गॅस्केट बदलायचं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं आणि निकाल टाकीवर खडूने लिहायचा. लिहायचं हिंदीत, कारण वाचणारे हिंदीवाले. घरी इंद्रपुरीत मात्र बोलताना एक हिंदी शब्द निसटला तरी आई नाक मुरडते. नागपूर सोडून तिला जन्म लोटला, पण हट्ट काही सुटलेला नाही.

त्या दिवशी पेट्रोलने भरलेली एक टाकी गळते म्हणून बाजूच्या रुळावर आणून ठेवली होती. वरचा व्हॉल्व्ह ठीक होता, खालचा पाझरत होता. ‘नीचे लीक’ लिहायला मी खडू टेकवला आणि आईचा फोन आला. टाकीपाशी फोन आणायचा नाही, हा नियम लोकांना ऐकवणारा मीच. तरी घेतला. तिला गोड्या मसाल्याचा डबा सापडत नव्हता.

“अगं, खाली बघ. खालच्या फळीवर. खाली!” मी वैतागून म्हणालो, आणि हाताने तेच लिहिलं. मग फॉर्म आणायला ऑफिसात गेलो.

आमच्याकडे टाकी रिकामी केली की तिच्यावर ‘खाली’ असंच लिहितात. तो शब्द दिसला की फिटर बेधडक बोल्ट काढायला घेतो.

माझा फिटर बरखेड्याचा, माझ्याहून वयाने मोठा. त्याला एक खोड आहे. पाना लावण्याआधी तो लाकडी हातोडीने टाकीच्या पोटावर टकटक करतो, आवाज भरीव येतो की पोकळ ते ऐकतो. कागदावर सही असली तरी करतो. मी त्याला नेहमी चिडवायचो, “चाचा, तरबूज़ ख़रीद रहे हो क्या?”

परत आलो तेव्हा तो टाकीखाली उकिडवा बसला होता. पाना जमिनीवर, हातोडी हातात. बोल्ट एकही हललेला नव्हता.

“ये खाली है?” त्याने विचारलं.

“नहीं, भरा है. नीचे से...” म्हणता म्हणता माझी नजर अक्षरांवर गेली.

मी त्याला सगळं सांगितलं, मसाल्याच्या डब्यासकट. वाटलं, शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. तो ऐकत ऐकत बाहीने शब्द पुसत राहिला.

“मतलब आपकी बोली में खाली माने नीचे,” तो म्हणाला. “मेरे यहाँ तो आज दोनों हो जाता, भैया. मैं नीचे, घर खाली.”

तो हसला नाही, मीही नाही. मला माझीच भयंकर लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून मीही आधी टकटक करतो. तो शेजारी उभा राहून बघतो. कलिंगडावरून त्याने मला अजून एकदाही चिडवलेलं नाही. एकदा चिडवावं, असं मला फार वाटतं.