हजेरीपत्रकातले ते चार महिने

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर पहिली ते चौथी मला शिकवणाऱ्या गुरुजींचे. आईवडिलांनी जन्म दिला, खाऊपिऊ घातलं. पण माझ्या हातात पहिली पाटी आली ती गुरुजींकडून. वडील मेंढरांमागे असायचे, शाळेत माझं नाव घालायला कोणाला सवड नव्हती. एका सकाळी गुरुजीच आमच्या दारात आले आणि माझा हात धरून मला घेऊन गेले. हसनाबादच्या पुढे आमचं गाव. शाळा एका खोलीची आणि गुरुजीही एकच. त्यांनी तो हात धरला नसता तर आज मी हे लिहीत बसलो नसतो, हे मी कुठेही, कोणासमोरही सांगतो. म्हणूनच पुढे जे घडलं ते मला इतकं जड गेलं.

बारावीनंतर डी.एड. करून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो. नोकरी करता करता बाहेरून बी.ए. केलं. घरातला पहिला पदवीधर म्हणून आईनं गल्लीभर पेढे वाटले. तिथं थांबलो असतो तर चाललं असतं. पण अंबड तालुक्यातल्या माझ्या सध्याच्या शाळेत चौथीला इतिहास शिकवताना एका मुलीनं विचारलं, "सर, हे तुम्हाला कसं माहीत?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे." ती म्हणाली, "मंग पुस्तकवाल्याला कसं माहीत?" वर्ग हसला, मीही हसलो. पण ते डोक्यातून जाईना. चाळिशी ओलांडलेली असताना मी इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं.

आमचे वर्ग रविवारी जालन्याच्या एका कॉलेजात भरायचे. विद्यार्थी बहुतेक सगळे शिक्षक, आणि शिक्षक बाकावर बसले की पोरांपेक्षा वाईट. मागचे बाक आधी भरायचे. शिकवणाऱ्या मॅडमचं बोलणं संपायच्या आत कोणीतरी विचारायचं, "हे किती मार्काला येईल?" मॅडम वयानं आमच्याहून लहान होत्या, पण ओळ न ओळ तपासायच्या.

शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध होता. मी विषय घेतला माझ्याच गावच्या शाळेचा इतिहास. तिथले आताचे हेडमास्तर आनंदानं तयार झाले. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी त्यांनी ओढून पुढे आणली. जुनी हजेरीपत्रकं खरं तर ठरावीक वर्षांनी नष्ट करायची असतात. पण आमच्या गावात ती कोणी नष्टही केली नव्हती आणि उघडलीही नव्हती. कडा वाळवीनं खाल्लेल्या, आत मात्र गुरुजींचं मोत्यासारखं अक्षर. हजर मुलाच्या नावापुढे तिरपी रेघ, गैरहजर असेल तर 'गै'. महिना संपला की खाली सरासरी काढलेली. तीन रविवार सोडले तर दिवाळीची सगळी सुटी मी त्या पेटीपाशी काढली. पानांचे फोटो काढले, सरासऱ्या उतरवल्या आणि जे दिसलं त्यानं छाती फुगली. आजूबाजूच्या गावातली पोरं हिवाळ्यात शाळा सोडून आईबापामागे जायची असं आपण ऐकतो. आमच्या शाळेच्या पानावर हिवाळा आणि पावसाळा सारखाच. मी तिसरं प्रकरण लिहून काढलं. कष्टकरी माणसांचं गाव असूनही आमच्याकडे शिक्षणाची ओढ केवढी होती, असं त्याचं सार.

हेडमास्तर म्हणाले, "एक प्रत आम्हाला द्या सर. यंदा शाळेचा वर्धापनदिन मोठा करून राह्यलो. गुरुजींचा सत्कार ठेवतो अन् तुमचं हे प्रकरण तिथंच वाचून दाखवू."

मॅडमनी मात्र प्रकरण वाचून पेन खाली ठेवलं. "छान लिहिलंय सर. एकच सांगा, हजेरी कोण भरतं?"

"वर्गशिक्षक."

"म्हणजे तुम्ही वाचलंत ते मुलांबद्दल गुरुजींनी लिहिलेलं. मुलं खरंच आली होती का, हे दुसरीकडून पाहा. निदान एका नावाचं तरी."

माझ्या शेजारी भोकरदन तालुक्यातले एक सर बसायचे. त्यांनी लगेच हात वर केला. "मॅडम, हा माणूस वीस वर्षं स्वतः हजेरी भरून राह्यला, तरी हजेरीवर इश्वास ठेवतो. याला प्रबंध कशाला लिहायला लावता? डायरेक्ट डॉक्टरेट देऊन टाका."

सगळा वर्ग खदखदून हसला. माझे कान तापले. कारण ते बरोबर होतं. शिक्षक असून मी त्या रेघांकडे कधी शिक्षकाच्या नजरेनं पाहिलंच नव्हतं. ते गुरुजींचं अक्षर होतं, म्हणून ते खरं होतं.

अंबडच्या बसमध्ये बसल्यावर मी मोबाइलवर फोटो उघडले. एकच नाव तपासायचं, तर स्वतःचं सोपं. चौथीचं वर्ष काढलं. डिसेंबर, माझ्या नावापुढे रेघाच रेघा. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तसंच. एकही 'गै' नाही. आणि मला आठवलं ते शिंगरू.

आमची माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला उतरायची. घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवायची, चार दिवसांनी वाडा म्हणजे तो मुक्काम पुढच्या शेतात हलवायचा. एका हिवाळ्यात वाड्यावर आमच्या घोडीला शिंगरू झालं होतं. संक्रांतीला आईनं त्याच्या कपाळाला तीळ लावला होता. पण ते चौथीचं वर्ष होतं की तिसरीचं? मी बसमधूनच थोरल्या बहिणीला, अक्काला फोन लावला.

"तू चौथीतच व्हता," ती म्हणाली. "शिंगरू तुझ्या दंडाला चावलतं. म्या हळद भरली. नंतर पाव्हण्यांसंगं परीक्षेला गेल्ता तू एकटाच. शाळा कुठून आली मधीच?"

शाळा मध्ये आलीच नव्हती. ते चार महिने मी शाळेत नव्हतोच. वाडा मला आठवत होता, पण त्या रेघांशेजारी तो मी कधी ठेवून पाहिला नव्हता.

पुढच्या सुटीला मी परत पेटीपाशी गेलो. या वेळी हजेरीपत्रक नाही, प्रवेशाचं मोठं रजिस्टर काढलं. त्यात अक्काचं नाव सापडलं. पहिलीत घातलेलं. तेव्हा आमचे गुरुजी गावात आलेले नव्हते, त्यांच्या आधीचे कोणी शिक्षक होते. तिच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ आणि शेवटच्या रकान्यात 'सतत गैरहजर, नाव कमी केले'. त्या शिक्षकानं काही चुकीचं लिहिलं नव्हतं. अक्का खरंच गैरहजर होती. वाड्यावर कोकरं सांभाळत होती. पुन्हा तिनं कधी पाटी धरली नाही. माझ्या नावापुढे लिहिलेलं सगळं खोटं होतं. म्हणून माझं नाव कमी झालं नाही, मी चौथी पास झालो, हसनाबादला पाचवीत गेलो, आणि आता त्याच शाळेचा इतिहास लिहायला आलो होतो. मी त्या पानाचाही फोटो काढला. हेडमास्तरांनी विचारलं, "सापडलं का सर?" मी म्हणालो, "सापडलं."

तेव्हापासून मला चैन पडेना. वर्गात शिकवताना फळ्यावर अर्धं वाक्य लिहून थांबायचो. प्रकरण आहे तसं दिलं तर ते खोटं. खरं लिहिलं तर गावात एकच गुरुजी होते, नाव न लिहिताही सगळ्यांना कळणार. बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुम्ही मेंढरामागं होता हे आता सरकारला कळवायचंय का? म्हाताऱ्या माणसाच्या मागं कशाला लागता?"

"मागे कुठं लागतोय? इतिहास आहे तो."

"इतिहास म्हणून चुगली केली तर ती चुगली न्हाई का?"

शेवटी ठरवलं, गुरुजींनाच विचारायचं.

निवृत्तीनंतर गुरुजी केदारखेड्याला, त्यांच्या मूळ गावी राहतात. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून स्वतःही मोठ्यानं बोलतात. मला पाहताच त्यांनी शेजारच्या घरात हाक मारली. "या हो, बघा आमचं लेकरू! एम.ए. करून राह्यलं! वाड्यावरचं पोरगं हे, आता मास्तर हाय!" शेजारी येऊन बसले. सूनबाईंनी चहा आणला. मी विषय काढायला वाट शोधत होतो. कसंबसं म्हणालो, "गुरुजी, तेव्हा आम्ही वाड्यावर जायचो, तर आमच्या हजेरीचं काय करायचात?"

गुरुजींना वाटलं मी गंमत ऐकायला आलोय. ते खुलून हसले. "अरे, तुझं नाव घेतलं की तुझ्या शेजारचं ते फाटक्या टोपीचं पोरगं वरडायचं, 'हजर!' ठरलेलंच होतं ते. जो गेला त्याच्या जागी शेजाऱ्यानं वरडायचं. एकदा साहेब आलते तपासणीला. तुझं नाव पुकारलं, पोरगं सवयीनं वरडलं, 'हजर!' साहेब म्हणले, उभा राहा. राह्यलं ना बेटं उभं, तुझ्या नावानं!"

"मंग त्याचं नाव आलं तेव्हा?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"तवा मागचं पोरगं उठलं! साहेब म्हणले, वर्ग बराबर आहे." गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

मीही हसलो. आणि हसता हसता मला आठवलं, दिवाळीआधी आमच्याहून लवकर निघणाऱ्या एका पोराच्या नावाला मीसुद्धा असाच ओरडत असे. आपल्या पाठीमागे आपल्यासाठीही कोणी ओरडत असेल, असं मात्र मला तेव्हाही सुचलं नव्हतं आणि पुढे तीस वर्षंही नाही.

मग गुरुजींनी भिंतीकडे बोट केलं. "त्याच वर्षी हे मिळालं." काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र होतं, तालुक्यातल्या उत्कृष्ट उपस्थितीबद्दल. वर्ष वाचलं. माझं चौथीचंच. काच लख्ख पुसलेली होती.

"तुझ्या प्रबंधात माझं बी आहे म्हणं?"

"आहे गुरुजी."

"चांगलं लिवलं ना?"

"पेटीत सापडलं तेवढं लिहिलंय," मी म्हणालो आणि पाया पडून निघालो. जे विचारायला गेलो होतो ते तसंच घेऊन परत आलो.

घरी आल्यावर प्रकरण पहिल्यापासून लिहिलं. चार वेळा लिहिलं. एकदा वाड्याचा सगळा मजकूर काढून टाकला आणि तासाभरानं परत घातला. प्रबंध द्यायला एक आठवडा राहिला तेव्हा मी त्याची झेरॉक्स काढली आणि बरोबर हे पत्र घालून पाकीट टपालात टाकलं.

गुरुजी,

नमस्कार करून लिहितो. परवा मी एक गोष्ट विचारायला आलो होतो, ती विचारता आली नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

सोबत माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आहे. अक्षर मोठं छापून घेतलंय, चष्म्यानं वाचता येईल. त्यात मी लिहिलंय की आमच्या शाळेची त्या वर्षांची हजेरी खरी नव्हती. पुरावा म्हणून फक्त माझं स्वतःचं नाव दिलंय, बाकी कोणाचंही नाही. पुढच्या पानावर माझ्या अक्काची नोंद आहे. ती खरी आहे, आणि त्या खऱ्या नोंदीनं तिची शाळा सुटली. ही दोन पानं मी शेजारी शेजारी लावलीत. मॅडम म्हणाल्या, खाली तुमचं मत लिहा. मला ते जमलं नाही.

तुमच्या प्रमाणपत्राचा उल्लेख मी केलेला नाही. पण विचार करणारा माणूस तिथवर पोचेल, हे मला कळतं. तुमच्याकडून काही काढून घ्यावं असं माझ्या मनात नव्हतं. तरी थोडं काढून घेतलं जाणार आहे, ते माझ्या हातून. हेडमास्तरांना मी सांगितलंय की सत्कारात हे प्रकरण वाचायचं नाही. ते हिरमुसले, पण ऐकलं.

मी तुमची परवानगी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, आणि मग हे तुम्हीच केल्यासारखं होईल. हे मी केलंय.

आणखी एक, जे प्रबंधात बसत नाही. माझ्या वर्गात दोन भावंडं आहेत, तीही दिवाळीनंतर आईबापामागे जातात. मी त्यांची गैरहजेरी रोज मोबाइलवर भरतो. बिलकुल खरी भरतो. आता कोणाचं नाव कमी होत नाही. पण परत येतात तेव्हा ती वाचायला विसरलेली असतात, आणि त्यांच्यासाठी काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला तेव्हा काहीतरी सुचलं होतं. त्याच्यावर मी शिकलो.

रविवारी प्रबंध देऊन जालन्याहून तसाच केदारखेड्याला येतो. रागावला असाल तर तोंडावर रागवा, मी ऐकून घेईन. बोलावंसं वाटलं नाही तर मी थोडा वेळ ओट्यावर बसेन आणि शेवटच्या गाडीनं परत जाईन. पण येईन.

तुमचा विद्यार्थी