तानाकाकूचा पहारा

आमच्या तानाकाकूचा स्वभाव भारी संशयी. दूध पातळ आलं तर ती गवळ्याच्या आधी म्हशीकडे रोखून बघायची. बीटी कपाशी आल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मात्र तिच्या संशयाला खरंच काम मिळालं. महागावजवळच्या आमच्या गावाला पिण्याची विहीर एकच, आणि ती दिवसाढवळ्या आटत होती.

सकाळी विहिरीत पुरुषभर पाणी असायचं. दुपारी बादली खडकावर आपटायची. काकूनं विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली ठाण मांडलं. जी येईल तिच्या पाण्याच्या गुंडीकडे बघायची, उगाच चौकशा करायची. शेवटी तिनं हेरलं, की शेतातल्या मोटरींना लाईन, म्हणजे वीज, आली की विहीर उतरते.

पावसाआधीच कपाशी लावायची आणि भर मे महिन्यात तिला बोअरचं पाणी द्यायचं, अशी टूम तेव्हा निघाली होती. बहुतेक बोअर त्यातच कोरडे पडले. चालू राहिले दोन, विहिरीलगतचा रुखमाबाईचा आणि नाल्यापलीकडचा काकूचा. काकूला स्वतःचा संशय कसा यावा? बोअरची जागा दाखवणाऱ्या पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून सांगितलं होतं, "तुमच्या पाण्याची शीर टेकडीकडून येते, विहिरीची अलग." उभ्या जन्मात तिनं विश्वास ठेवला तो या एकाच माणसावर.

"चोट्टी हाय ते रुखमा! साऱ्या गावाचं पानी कपाशीले पाजते," काकू दारोदार सांगत सुटली. गावानं मान डोलावली. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू?

सरपंच सदाशिवरावांनी रुखमाबाईला मोटर काढायला लावली. विधवा बाई, सगळी भिस्त त्या कपाशीवर. ती एवढंच म्हणाली, "काढतो भाऊ. गावापुढं मी काय बोलू?" आठवडाभरात तिची कोवळी रोपं माना टाकून बसली.

मोटर निघाली, तरी विहिरीला पाणी काही टिकेना. एका दुपारी बाया भांडी घेऊन उभ्या होत्या, रुखमाबाईही होती. लाईन आली. नाल्यापलीकडे काकूची मोटर आपोआप घरघरली, आणि बघता बघता विहिरीतलं पाणी कपारीखाली गेलं. शिवारात दुसरी चालू मोटरच नव्हती. काकूनं एकदा विहिरीत पाहिलं, एकदा नाल्याकडे. तिचा चेहरा उतरला. मला तिची कीव आली आणि रागही आला.

"रुखमे, मी आत्ताच बंद करून येतो," ती कशीबशी म्हणाली. "माह्या बोअरचं पानी लागन तेवढं तुह्या कपाशीले..."

"तिथं आता कपाशी कुठं हाय व तानाबाई?" रुखमाबाई म्हणाली. "आन् कपाशी गेली त गेली. त्वा मले साऱ्या गावात चोट्टी केलं, ते कसं मिटवशीन?"

काकू नाल्याकडे चालू लागली. तिनं मोटर बंद केली, ती त्या उन्हाळ्यात पुन्हा लावली नाही. विहिरीला पाणी राहू लागलं. रुखमाबाई मात्र त्यानंतर सगळ्या बाया भरून गेल्यावरच पाण्याला यायची, आणि आपली एकच गुंडी सगळ्यांना दिसेल अशी धरून घरी न्यायची.