मधली चार वर्षं उंदीर

मला दोन होकार आले आणि मी घरात एकदम मोठी असामी झाले. एक होकार साध्या वैद्यकीय शिक्षणाचा होता: चार वर्षं अभ्यास, मग डॉक्टर. दुसरा जोडपदवीचा होता: दोन वर्षं वैद्यकीचा अभ्यास, मधली चार वर्षं प्रयोगशाळेत संशोधन, शेवटची दोन वर्षं पुन्हा रुग्णालयात. आठ वर्षांनी माणूस डॉक्टरही होतो आणि संशोधकही. दोन्ही ठिकाणं अमेरिकेत होती. तिथलंच कॉलेज संपवून मी कुवेतमधल्या मंगफला घरी आले होते आणि एप्रिल संपायच्या आत कुठलं तरी एक उत्तर कळवायचं होतं.

माझी अशी समजूत होती की हा निर्णय मी शांतपणे, सर्व बाजू तपासून घेईन. प्रत्यक्षात मी सोफ्यावर पडून बाकरवडी खायचे आणि कोणी विचारलं की "विचार चालू आहे" असं सांगायचे. विचार कसला, मला दोन्ही हवं होतं आणि कोणीतरी हात धरून एक हिसकावून घ्यावं एवढीच वाट मी बघत होते.

आईने हिसकावायचा प्रयत्न केला. ती कुवेत सिटीत एका विमा कंपनीच्या ऑफिसात काम करते आणि मुदती, अटी हे तिला तोंडपाठ असतं. तिचं म्हणणं साधं होतं. बाबांची नोकरी अजून पाच-सहा वर्षं. नोकरी संपली की इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपतो, आणि इकामा संपला की इथे कोणाला राहता येत नाही. मग फ्लॅट, गाडी, तीस वर्षांचा संसार, सगळा गाशा गुंडाळून पुण्याला जायचं. "चार वर्षं असतील तर तू डॉक्टर होऊन या घरात येशील," ती म्हणाली. "आठ असतील तर या दारावर दुसऱ्या कोणाची तरी पाटी असेल. मला तुला या दारातून आत येताना बघायचंय गं. दुसरं काही नाही."

याच दारातून मी पहिलीच्या शाळेत गेले होते, रडत. मी म्हटलं, "विचार चालू आहे."

बाबांनी मत दिलं नाही. ते शुऐबाला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहेत. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी मीटरं नीट चालतात की नाही ते पाहणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. जगातले निम्मे तंटे मीटर चुकीचं असल्यामुळे होतात असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मधल्या चार वर्षांत नक्की काय मोजायचं असतं?" आणि मी सांगायला लागले तेव्हा ते इतके रंगून गेले की आई उठून आत गेली.

आमच्याकडे शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी पोह्यांना चार-पाच घरची माणसं जमतात. ही पद्धत माझ्या जन्माच्या आधीपासूनची. त्यातले सगळ्यात जुने म्हणजे रत्नागिरीचे काका. त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ते नमाजाला जायच्या आधी येतात, दोनदा पोहे घेतात आणि जगातल्या कुठल्याही विषयावर निकाल देतात. त्यांना मी जोडपदवी समजावून सांगितली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजे आधी मानसं, मधे चार वर्षं उंदीर, मग परत मानसं?"

"तसंच काही नाही काका, पण साधारण तसंच."

"मग त्या उंदरांवरून उठून आलेला हात मानसांना चालंल काय गो?"

सगळे हसले. त्या दिवसापासून घरात त्या पदवीचं नाव उंदीर पडलं. आईसुद्धा फोनवर बहिणीला सांगायची, "अजून काही ठरत नाही बाई. कधी डॉक्टर म्हणते, कधी उंदीर."

हसून झाल्यावर काकांनी बाही वर केली. "ता जाऊ दे. डॉक्टर व्हायचीस ना? माझा बीपी बघ." बाबांनी नुकतंच फरवानियाच्या एका दुकानातून घासाघीस करून बीपीचं मशीन आणलं होतं. मी काकांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं, आणि आकडा उत्तम आला. काका काडीपैलवान, पण त्यांना बीपी आहे असं इथल्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. "बघ," ते म्हणाले, "तुझ्या हाताला गुण हाय." मग बाकीचेही रांगेत बसले. कारकून, अकाउंटंट, एक एक्सरे टेक्निशियन, सगळे. सगळ्यांचे आकडे छान. मी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून "काही काळजी नाही" म्हणत होते. अजून प्रवेशसुद्धा घेतला नव्हता आणि माझ्या आवाजात तो रुग्णालयातला मऊपणा आला होता, जो ऐकला की मला एरवी चीड येते.

रात्री जेवताना मी जाहीर केलं की चारच वर्षं बरी, लोकांना माझी गरज आहे. आईने मला आणखी एक पोळी वाढली.

पण माझ्या स्वभावाला काही औषध नाही. दोन शुक्रवार गेल्यावर मला खुपायला लागलं की सगळ्यांचे आकडे इतके छान का? ही माणसं हायवेवर एकमेकांना शिव्या घालत ऑफिसला जातात, लोणच्याशिवाय जेवत नाहीत, चालायचं म्हणजे जमियाच्या सहकारी दुकानापासून गाडीपर्यंत. यांचं बीपी एखाद्या योगशिक्षकाला शोभेल असं कसं? मग मी प्रयोग सुरू केला. चहाच्या आधी, चहाच्या नंतर. बसून, उभ्याने. बोलताना, गप्प राहून. रत्नागिरीचे काका गप्प राहिले हाच माझ्या प्रयोगाचा सगळ्यात मोठा विजय. पोहे थंड व्हायचे आणि मी म्हणायचे, "फक्त एकदा, उजव्या हातावर." काही मंडळी शुक्रवारी दुसरीकडे जायला लागली. मी आईला सांगितलं की आता मला वाटतं आठ वर्षंच करावीत. त्या दिवशी पोळी माझी मी घेतली.

असे चार आणि आठ यांच्यामध्ये माझे हेलकावे चालू असताना एका शुक्रवारी कोणीच आलं नाही. बाहेर धुळीने आकाश पिवळं झालं होतं. आई खाली जमियात गेली होती. मला आकड्यांशिवाय करमेना, म्हणून मी बाबांना म्हटलं, तुम्ही बसा. आतापर्यंत ते माझे मदतनीस होते. मशीन पुसायचे, बॅटऱ्या बघायचे. त्यांचा हात आम्ही कधी पट्ट्यात घातलाच नव्हता.

आकडा आला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतका मोठा आकडा त्या मशीनवर कधी आला नव्हता. आमच्या जागी दुसरं कोणीही असतं तर घाबरलं असतं. आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "मशीन बिघडलं."

आमचं तर्कशास्त्र अगदी पक्कं होतं. इतक्या सगळ्यांचे आकडे एका बाजूला आणि एकच आकडा दुसऱ्या बाजूला. मग चूक कोणाची? बाबांनी हत्यारांची पेटी काढली. बॅटऱ्या बदलल्या. नळीतून हवा गळते का ते बघायला, कारखान्यात करतात तसा, साबणाचा फेस लावला. फेसात एकही बुडबुडा आला नाही. पुन्हा बीपी घेतलं, पुन्हा तोच आकडा. दुसऱ्या हातावर घेतलं. थोडा जास्तच. "सकाळपासून डोकं जरा जड आहे," बाबा मधेच म्हणाले, "धूळ आहे ना." मी मान डोलावली आणि नळीचा दुसरा जोड तपासायला घेतला. होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाई!

आई पिशव्या घेऊन आत आली तेव्हा बाबा बनियनवर, दंडाला पट्टा, आणि सोफ्यावर साबणाचा फेस.

"आकडा किती आलाय?" तिने विचारलं.

आम्ही सांगितला, आणि तो का खरा धरू नये हे दोघांनी मिळून समजावलं. तिने पिशव्या खाली ठेवल्या. "मशीन बिघडलंय की नाही ते दवाखान्यात कळेल. अहो, शर्ट घाला. गाडीत बसा दोघं."

मी मशीन बरोबर घेतलं, एका पिशवीत घालून. पुरावा म्हणून.

वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात, इथे त्याला सगळे मुस्तौसफ म्हणतात, शुक्रवारी एक तरुण इजिप्शियन डॉक्टर बसल्या होत्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी बाबांचं बीपी घेतलं. आमच्या मशीनने दाखवलं होतं तेच आलं. त्यांनी पुन्हा घेतलं, हृदयाचा आलेख काढला, बाबांना आडवं केलं, जिभेखाली गोळी दिली, आणि तुम्ही वेळेवर आलात असं शांतपणे म्हणाल्या. आई खुर्चीवर पर्स घट्ट धरून बसली होती. आणि मी? मी पिशवीतून मशीन काढलं आणि तक्रार केली. "पण मग बाकी सगळ्यांचे आकडे कमी कसे आले?"

त्यांनी पट्टा हातात घेतला, स्वतःच्या दंडाला गुंडाळला. तो सैल झग्यासारखा भोवती फिरला. "हा जाड दंडाचा पट्टा आहे," त्या म्हणाल्या. "बारीक दंडाला लावला तर आकडा कमी दाखवतो. तुमच्या वडिलांना मात्र अगदी बरोबर बसतो."

बसणारच होता. फरवानियाच्या दुकानात बाबांनी चार पट्टे लावून बघितले होते, स्वतःच्या दंडावर, आणि जो नीट बसला तो घेतला होता.

पुढचं सांगायला मला अजून संकोच वाटतो. पहिल्यांदा मला भीती वाटलीच नाही. मला आनंद झाला, लख्ख, कोडं सुटल्याचा. मी बाबांकडे पाहिलं. ते तसेच आडवे, छातीवर तारा, आणि तेही हसत होते. "म्हणजे आपलं मशीन बरोबर होतं!" ते म्हणाले. मी म्हटलं, "आणि एकटे तुम्हीच बरोबर! बाकी सगळे चुकले!" आम्ही दोघं त्या खोलीत मोठ्याने हसलो. मग माझं लक्ष आईकडे गेलं. ती रडत होती. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. आकडा खरा होता, म्हणजे तो बाबांचा होता. इतके आठवडे मी सगळ्या गावाला तपासलं आणि घरातला माणूस तेवढा राहिला.

परतताना आई गाडी चालवत होती. बाबा शेजारी बसले होते, त्यांना बोलायला मनाई होती. मागच्या सीटवरून मी रडत जाहीर केलं की माझं ठरलं, मी चारच वर्षं करणार, लवकर डॉक्टर होणार, आणि मला त्या उंदरांचं नावही नको.

सिग्नल लाल होता. आईने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"काही नको," ती म्हणाली. "तुला आठच वर्षं लागतील. चारमध्ये सोडलं तर तू कोणाचा तरी जीव घेशील."

बाबांना हसू आलं, त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हसू नका," आई म्हणाली. "तिथे तुम्ही दोघं कसे हसलात ते मी बघितलंय. हिला कशात आनंद आहे ते कळलं मला. घराचं सोड गं. घर कुठलंही असेल. हा माणूस दार उघडायला असला पाहिजे, बाकी मला काही नको."

सिग्नल हिरवा झाला. आईने गाडी पुढे काढली.

पुढच्या शुक्रवारी मी योग्य मापाचा पट्टा आणून सगळ्यांना फोन करकरून बोलावलं. एवढी आर्जवं मी प्रवेशासाठीही केली नव्हती. रत्नागिरीच्या काकांचा आकडा बघून मी त्यांना सांगितलं की उद्याच दवाखान्यात जायचं. त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. माझ्या हाताच्या गुणावर भिस्त ठेवून त्यांनी मधल्या काळात सुकट पुन्हा सुरू केली होती. "गुण पट्ट्याला होता म्हंजे," ते म्हणाले. "जा गो तू उंदरांकडे. ते तरी बोलायचे नायत." पण दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि गोळ्या घेऊन आल्याचं सांगायला त्यांनी मला फोन केला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलाशी बसले. बाबा समोर येऊन बसले आणि न सांगता त्यांनी दंड पुढे केला. मी त्यांचा पट्टा लावला, जुना, त्यांच्या मापाचा. मशीन गुरगुरलं, थांबलं. गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले होते. आकडा उतरला होता, पण मला हवा होता तेवढा नाही.

"पुन्हा घेऊ या," मी म्हटलं. "पाच मिनिटं शांत बसा. मघाशी तुम्ही जिना चढून आलात."

बाबांनी पट्टा सोडवला, नीट गुंडाळला आणि पेटीत ठेवला.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "तू उत्तर पाठव. आठ वर्षांचं मी बघतो."

मी पाठवलं. मग त्यांनी गोळीसाठी पाणी मागितलं आणि मी आणायला उठले.